सोंग ओळखणारा बेट्स

कँटीनबाहेर उभे आहात. हातात उसाच्या रसाचा ग्लास. त्याच्या कडेवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं काहीतरी येऊन बसतं. पुढचं सगळं ठरलेलं. कुणीतरी ‘गांधीलमाशी!’ म्हणून ओरडतं, ग्लास हातातून सुटतो, एक जण वही गुंडाळून तिच्यामागे लागतो आणि ग्रुपमधला सगळ्यात शूर समजला जाणारा मित्र सगळ्यात लांब जाऊन उभा राहतो.

पण ती गांधीलमाशीच होती कशावरून? पिवळे-काळे पट्टे हा काही पुरावा नाही. बागेत, शेताच्या बांधावर, फुलावर आलेल्या कोथिंबिरीवर किंवा मोहरीवर असे पट्टे मिरवणारे कितीतरी कीटक असतात आणि त्यांच्यातल्या अनेकांना नांगीच नसते. त्या साध्या माश्या. घरात भुणभुणणाऱ्या माशीच्या लांबच्या बहिणी. शेतीच्या पुस्तकांत त्यांना सिरफिड माशी म्हणतात आणि मित्रकीटकांच्या यादीत त्यांचं नाव असतं, कारण त्यांच्या अळ्या पिकावरचा मावा खातात. मराठीची इथे थोडी पंचाईत आहे खरी. आपण माशीलाही माशी म्हणतो, मधमाशीलाही आणि गांधीलमाशीलाही. कीटकशास्त्राच्या हिशेबात मात्र गांधीलमाशी ही माशी नाहीच. ती मुंग्यांच्या आणि मधमाश्यांच्या बिरादरीतली.

मग ओळखायचं कसं? पुस्तकी उत्तर सोपं आहे: पंख मोजा. खऱ्या माशीला दोनच पंख. मागच्या दोन पंखांच्या जागी दोन बारीक दांड्या उरलेल्या असतात, टोकाला गाठ असलेल्या, आणि उडताना तोल सांभाळायला त्या कामी येतात. गांधीलमाशीला चार पंख. पण प्रत्यक्षात हे मोजायला जाल तर फसाल, कारण गांधीलमाशीचे पुढचे आणि मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, वर ती बसली की पंखांची लांबट घडी घालते. चारचे दोन दिसतात. त्यापेक्षा तोंडाकडे बघा. माशीचे डोळे एवढे मोठे की डोकं म्हणजे बहुतेक डोळेच. मिशा म्हणजे स्पर्शिका अगदी आखूड, असून नसल्यासारख्या. गांधीलमाशीच्या मिशा लांब आणि ठसठशीत. मग कंबर बघा. गांधीलमाशीची कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक, माशीची तशी नसते. आणि हवेत एकाच जागी टांगल्यासारखी थांबून, मग झटकन बाजूला सरकणारी असेल तर ती बहुतेक माशीच. काही माश्या तर इतक्या बेरकी असतात की लांब मिशा नाहीत ही उणीव झाकायला पुढचे दोन पाय डोक्यासमोर धरून हलवतात.

हे सोंग कशासाठी, ते कसं तयार झालं आणि ते निसर्गाचा निव्वळ चमत्कार का नाही, हे पहिल्यांदा पुराव्यासकट मांडलं ते हेन्री वॉल्टर बेट्स यांनी. झूलॉजीवाल्यांना हे नाव दोन मार्कांच्या टिपेपुरतं माहीत असतं: ‘बेट्सियन मिमिक्री’. माणूस मात्र टिपेत मावणारा नाही. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पैसा नव्हता, ओळख नव्हती. होती ती फक्त बघण्याची सवय.

बेट्सचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ चा, इंग्लंडमधल्या लेस्टरचा. लेस्टर हे तेव्हा मोज्यांचं गाव. वडिलांचा धंदा होजिअरीचा, घर खाऊनपिऊन बरं, पण शिकत बसायची चैन नव्हती. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि मुलगा मोज्यांच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत काम. आपल्याकडे दुकानात ‘पोऱ्या’ म्हणून ठेवतात तसंच. त्यानंतर तो काय करायचा? घरी जाऊन झोपायचा नाही. कामगारांसाठी चालवल्या जाणाऱ्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या रात्रीच्या वर्गांना जायचा. तिथे लॅटिन, ग्रीक, फ्रेंच शिकला, चित्रकला शिकला. सुट्टी मिळाली की जवळच्या चार्नवुडच्या रानात जाऊन दगड उलटे करायचा आणि भुंगेरे गोळा करायचा. अठराव्या वर्षी, १८४३ मध्ये, ओलसर जागी राहणाऱ्या भुंगेऱ्यांवरचं त्याचं छोटंसं टिपण ‘झूलॉजिस्ट’ नावाच्या नव्या नियतकालिकात छापूनही आलं.

१८४४ मध्ये लेस्टरच्या शाळेत एक तरुण मास्तर आला. वय एकवीस, उंच, लाजाळू. नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. दोघांची गाठ पडली ती लायब्ररीत. वॉलेसला झाडाझुडपांचा नाद होता, कीटकांबद्दल मात्र फारसं ठाऊक नव्हतं. बेट्सने त्याला आपला संग्रह दाखवला. एका साध्या गावाभोवती भुंगेऱ्यांच्या शेकडो जाती असू शकतात हे बघून वॉलेस थक्क झाला आणि त्यालाही ते वेड लागलं. पुढे डार्विनच्या जोडीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या माणसाला कीटकांची गोडी लावली ती मोज्यांच्या गोदामातल्या एका उमेदवाराने, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नंतर बेट्स बर्टन नावाच्या गावी एका बिअरच्या कारखान्यात कारकून झाला. कारकुनीत तो रमणारा नव्हता हे सांगायला नकोच. त्याच सुमारास अॅमेझॉन नदीवरचं एक प्रवासवर्णन दोघा मित्रांच्या वाचनात आलं आणि डोक्यात एक उद्योग शिजला: आपणच तिकडे जायचं, कीटक आणि पक्षी पकडायचे, लंडनला पाठवायचे, विकायचे आणि त्यातून पोट भरत जाती कशा तयार होतात याचा शोध घ्यायचा. स्पॉन्सर नाही, शिष्यवृत्ती नाही. सॅम्युएल स्टीव्हन्स नावाचा लंडनमधला एक दलाल माल विकून देणार, आपलं कमिशन कापणार आणि उरलेले पैसे पाठवणार, एवढाच आधार. एप्रिल १८४८ मध्ये दोघे लिव्हरपूलहून ‘मिस्चिफ’ नावाच्या जहाजावर चढले. मेच्या अखेरीस ब्राझीलमधल्या पारा बंदरात, म्हणजे आजच्या बेलेममध्ये, उतरले. बेट्स तेवीस वर्षांचा होता. तुमच्यातल्या कित्येकांची त्या वयात एमएस्सीची परीक्षा चालू असते.

काही काळ दोघे बरोबर हिंडले, मग वाटा वेगळ्या झाल्या. वॉलेस रिओ नेग्रोकडे वळला, बेट्स मुख्य नदीच्या वरच्या अंगाला गेला. चार वर्षांनी, १८५२ मध्ये, वॉलेस परत निघाला आणि भर समुद्रात त्याच्या जहाजाला आग लागली. त्याच्यासोबतचा जवळजवळ सगळा संग्रह गेला. बेट्स तिथेच राहिला. एकूण अकरा वर्षं.

त्यातली साडेचार वर्षं एगा या गावी गेली. आजचं नाव टेफे. नदीकाठचं छोटंसं खेडं, मागे लगेच जंगल. तिथल्या त्याच्या रोजच्या वेषाचं वर्णन त्याने घरी पत्रातून कळवलं होतं आणि ते वाचताना माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. रंगीत सदरा, विजार, साधे बूट, जुनी फेल्ट हॅट. डाव्या खांद्यावर दुनळी बंदूक, उजव्या हातात जाळी. डाव्या बाजूला चामड्याची पिशवी, तिच्या एका कप्प्यात कीटकांची पेटी, दुसऱ्यात दारू आणि छर्रे. उजव्या बाजूला आणखी एक पिशवी, तिला लोंबणाऱ्या वाद्या, त्यांना सरडे, साप, बेडूक, पक्षी अडकवायचे. आणि सदऱ्याला टाचण्यांची गादी, सहा मापांच्या टाचण्यांसकट. सकाळी नऊ-दहाला असं नटून जंगलात शिरायचं आणि दुपारी दोन-तीनला परतायचं. मग पकडलेलं सगळं टोचायचं, सुकवायचं, प्रत्येकाची नोंद ठेवायची. कुठे सापडलं याची नोंद. हे शेवटचं विसरू नका. पुढची सगळी गोष्ट त्या नोंदींवर उभी आहे.

हे सगळं साहसी चित्रपटासारखं वाटत असेल तर जरा दम खा. त्याला पिवळा ताप झाला, हिवताप झाला. एकदा तब्बल बारा महिने लंडनहून ना पत्र आलं, ना पैसे. कपड्यांच्या चिंध्या झाल्या, बूट संपले, त्या जंगलात तो अनवाणी हिंडला. नोकर पळून गेला आणि होती नव्हती ती नाणीही चोरीला गेली. पुस्तकं आणि बोलायला माणूस या दोन गोष्टींची भूक त्याला उपासमारीपेक्षा जास्त जाळायची. अकरा वर्षांच्या या मेहनतीचा निव्वळ नफा सुमारे ८०० पौंड. त्या काळातही ही काही कमाई म्हणण्यासारखी रक्कम नव्हती.

पण डोळे उघडे होते. आणि फसतही होते. फुलांवर तरंगणारा हमिंगबर्ड समजून त्याने अनेकदा छर्रे झाडले आणि खाली पडला तो पतंग. हॉक मॉथ जातीचा, पक्ष्यासारखाच घिरट्या घालणारा. उडताना दोघांतला फरक ओळखायला त्याला बरेच दिवस लागले. गावकऱ्यांची तर खात्रीच होती की यातलं एक रूप बदलून दुसरं होतं. बेट्सने ते मानलं नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने या साम्याला सोंगही म्हटलं नाही. दोघंही हवेत थांबून फुलातला रस पितात, म्हणून दोघांची ठेवण सारखी झाली, एवढाच त्याचा अर्थ त्याने लावला. जे जे सारखं दिसतं ते ते नक्कल, असा सरसकट निष्कर्ष काढायचा नाही, ही शिस्त त्याच्याकडे होती.

दुसऱ्या एका वेळी झाड न्याहाळताना पानांतून एका छोट्या विषारी सापाने डोकं बाहेर काढलं आणि बेट्स दचकला. नीट पाहिलं तर ती मोठी अळी होती. डोक्यामागचा भाग फुगवून, त्यावरचे डोळ्यासारखे काळे ठिपके दाखवून तिने सापाचा आव आणला होता. ती त्याने गावात नेऊन दाखवली, तर बघणारा प्रत्येक जण घाबरला.

गांधीलमाशीचा प्रसंग मात्र उलटा आहे. वरच्या अॅमेझॉनमध्ये मोटुका नावाच्या माशीचा फार त्रास, ती माणसाचं रक्त पिते. एकदा वाळूच्या किनाऱ्याजवळ जेवायला थांबले असताना गांधीलमाशीसारखा एक भलामोठा कीटक थेट बेट्सच्या तोंडावर चाल करून आला. आता डसणार, एवढ्यात तो मानेवर झेपावला, तिथे बसलेली मोटुका उचलली आणि निघून गेला. वाळूत बिळं करणारी ती वास्प आपल्या पिल्लांसाठी माश्या गोळा करत होती. म्हणजे भीती वाटावी असं रूप, काम मात्र उपकाराचं.

अशा गोष्टी तो टिपत गेला. काही परपोशी मधमाश्या आणि माश्या कष्टाळू मधमाश्यांच्या जिवावर जगतात आणि नेमका त्या भागातल्या मधमाश्यांचाच पोशाख करतात. एका रातकिड्याचं रूप त्याला वाळूतल्या वास्पसारखं दिसलं, आणि ती वास्प स्वतः रातकिडेच पकडून नेणारी. शिकारी ज्याला शोधतोय त्याने शिकाऱ्याचाच गणवेश घालायचा!

तरी खरी चावी सापडली ती फुलपाखरांत. एगाच्या जंगलात लांबट पंखांची, भडक रंगांची फुलपाखरं थव्याने उडायची. इथोमिया आणि त्यांची भावंडं. उडणं संथ, लपायची घाई नाही, अंगाला एक चमत्कारिक वास. एवढी सोपी शिकार असून पक्षी, सरडे, चतुर त्यांच्यामागे लागताना बेट्सला दिसले नाहीत. सुकवायला ठेवलेल्या नमुन्यांनासुद्धा इतर फुलपाखरांच्या मानाने कीड कमी लागायची. त्यावरून त्याने ओळखलं की ही चवीला वाईट असणार, आणि पक्ष्यांना ते ठाऊक असणार.

आता गंमत बघा. या थव्यांतून जाळीत आलेलं एखादं फुलपाखरू हातात धरून पाहिलं की ते इथोमिया नसायचंच. ते निघायचं लेप्टॅलिस, म्हणजे आपल्याकडे बागेत दिसणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातलं. त्याचे नातेवाईक पांढरे, हे मात्र इथोमियाचे रंग, पट्टे, पंखांचा लांबट घाट, उडण्याची ढब, सगळं उचलून थव्यात मिसळलेलं. उडताना बेट्सलाही ती ओळखता यायची नाहीत. आणि संख्या किती? हजारांत एखादं.

मग त्याला कळलं कसं? पायांवरून. इथोमियाच्या कुळात पुढचे दोन पाय खुरटलेले असतात, चालायला चारच. पांढऱ्यांच्या कुळात सहाही पाय धडधाकट. रंग बदलला, पंखांचा आकार बदलला, चाल बदलली, पण पाय तसेच राहिले. का? कारण फुलपाखरू उडत असताना पक्षी पाय मोजत नाही. सोंग पुरं करावं लागतं ते बघणाऱ्याच्या नजरेपुरतं. त्यापलीकडचं शरीर आपल्या खऱ्या कुळाचंच राहतं. सिरफिड माशीचे दोन पंख आणि आखूड मिशा तशाच का राहिल्या, याचंही उत्तर हेच.

आणि इथे त्या ठिकाणांच्या नोंदी कामाला आल्या. नदीकाठाने शे-दोनशे मैल पुढे गेलं की इथोमियांचे रंग बदलायचे, आणि तिथली लेप्टॅलिसही त्या नव्या रंगांत असायची. गाव बदललं की बहुरूप्याने तिथल्या पाटलाचं सोंग घ्यावं तसं. हवामानामुळे रंग बदलले म्हणावं, तर एकाच जंगलात पांढऱ्या कुळातली बाकीची फुलपाखरं पांढरीच होती. योगायोग म्हणावा, तर तो जागोजागी कसा घडेल?

१८५९ च्या उन्हाळ्यात बेट्स इंग्लंडला परतला. वॉलेसच्या अनुभवावरून धडा घेऊन त्याने आपला संग्रह तीन वेगवेगळ्या जहाजांतून पाठवला होता. त्याच्या हिशेबाने एकूण १४,७१२ जाती, बहुतेक कीटक, आणि त्यातल्या ८,००० विज्ञानाला नव्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झालं. बेट्सने ते वाचलं आणि अकरा वर्षं पेटीत पडलेले तुकडे जागच्या जागी बसले. २१ नोव्हेंबर १८६१ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत त्याचा निबंध वाचला गेला, १८६२ मध्ये तो छापून आला. शीर्षक अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या कीटकांबद्दलचं, दिसायला रूक्ष, पण आत स्फोटक माल.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. पांढऱ्या कुळातल्या एखाद्या फुलपाखरात जन्मतःच जरासा फरक असतो, तो बेचव जातीकडे किंचित झुकलेला. घाईत असलेला पक्षी क्षणभर गोंधळतो आणि त्याला सोडतो. जे कमी फसवतं ते खाल्लं जातं, जे जास्त फसवतं त्याची पिल्लं होतात. पुढच्या पिढीत साम्य थोडं वाढतं. असं पिढ्यानपिढ्या. चित्रकार कुणी नाही. पक्ष्याची चोचच नको ती रेघ खोडत जाते. आणि नक्कल करणारे मोजकेच का, तेही यातून कळतं. सोंगं घेणारे फार झाले तर पक्ष्याला चवदार घास वरचेवर मिळेल, पट्ट्यांची भीती जाईल आणि सोंगाची किंमत शून्य होईल. आळीत दर दुसऱ्या दिवशी खोटा पोलीस यायला लागला तर खऱ्या पोलिसालाही कुणी विचारणार नाही, तसंच.

डार्विन खूश झाला. त्याच्या सिद्धांताला जिवंत उदाहरण हवं होतं, कबुतरं आणि कुत्र्यांच्या पैदाशीपलीकडचं, आणि ते या मोजेवाल्याने जंगलातून आणून दिलं होतं. १८६३ मध्ये डार्विनने त्या निबंधावर कौतुकाचं परीक्षण लिहिलं. प्रवासावर पुस्तक लिही म्हणून तो मागे लागला, जॉन मरे या प्रकाशकाकडे शब्द टाकला. लिहिणं बेट्सला जंगलात हिंडण्यापेक्षा अवघड गेलं, पण १८६३ मध्ये ‘द नॅचरलिस्ट ऑन द रिव्हर अॅमेझॉन्स’ बाहेर आलं आणि गाजलं. आजही ते छापलं जातं. इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल तर जरूर मिळवा. त्यात शास्त्राइतकीच माणसंही आहेत.

आता तुम्हाला वाटेल, असा माणूस म्हटल्यावर विद्यापीठांनी, संग्रहालयांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल. नाही. त्याच सुमारास ब्रिटिश म्युझियमच्या प्राणिशास्त्र विभागात एक जागा निघाली. बेट्सने अर्ज केला. ती जागा मिळाली आर्थर ओशॉनेसी नावाच्या तरुणाला, जो कवी होता. प्राणिशास्त्राशी त्याचा तोवर संबंध नव्हता. या कवीवर अन्याय नको: पुढे तो पाली-सरड्यांचा अभ्यास शिकला आणि काही नव्या जातींची वर्णनंही त्याने केली. पण त्या दिवशी एकीकडे अकरा वर्षांचं अॅमेझॉन होतं आणि दुसरीकडे कोरी पाटी, आणि निवड झाली कोऱ्या पाटीची. अर्ज आणि कुळ बघणाऱ्यांनी पाय मोजले नाहीत. मला हा प्रसंग बेट्सच्या आयुष्यातल्या तापांपेक्षा जास्त बोचतो.

शेवटी १८६४ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत साहाय्यक सचिवाची नोकरी मिळाली. नाव साहाय्यक, काम जवळजवळ सगळंच. जर्नलची कामं बघणं, सभा भरवणं, आफ्रिका-आशियाकडे निघालेल्या प्रवाशांना सल्ले देणं. मरेपर्यंत, म्हणजे तब्बल २७ वर्षं, तो हेच करत राहिला. मिमिक्रीवर पुढे त्याने फारसं काही केलं नाही. दिवसा ऑफिस आणि उरलेल्या वेळात भुंगेरे, विशेषतः लांब मिशांचे लाँगहॉर्न भुंगेरे. त्यांच्या शेकडो नव्या जातींची वर्णनं त्याने लिहिली. पैशासाठी संग्रहातले भाग विकावे लागले. मान मिळाला, पण उशिरा. रॉयल सोसायटीचा फेलो तो १८८१ मध्ये झाला, निबंधानंतर जवळपास वीस वर्षांनी. १६ फेब्रुवारी १८९२ ला लंडनमध्ये तो गेला. वय ६७.

त्याच्या कल्पनेत एक भोक होतं, तेही सांगायला हवं. बेचव जाती दुसऱ्या बेचव जातींसारख्याच का दिसतात, हे त्याला नीट उलगडलं नव्हतं. त्यांना सोंगाची गरजच काय? ते कोडं ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गाभ्यासकाने १८७८ मध्ये सोडवलं: सगळ्यांची धोक्याची खूण एकच असेल तर पक्ष्याला शिकवताना होणारं नुकसान वाटलं जातं. वेगवेगळ्या जातींच्या गांधीलमाश्या सगळ्याच पिवळ्या-काळ्या का, याचं उत्तर म्युलरकडे आहे. नांगी नसलेली माशीही पिवळी-काळी का, याचं बेट्सकडे.

आणि पक्षी खरंच शिकतात का, फसतात का? बेट्सने प्रयोग केला नव्हता, निरीक्षणावरून तर्क केला होता. असा एक प्रयोग झाला तो जवळपास शंभर वर्षांनी, अमेरिकेत. १९६० च्या दशकात जेन आणि लिंकन ब्रोअर या जोडप्याने पक्ष्यांऐवजी भेक घेतले. मधमाशी गिळताना ज्यांना डंख बसला, त्या भेकांनी नंतर मधमाशीसारखी दिसणारी निरुपद्रवी माशीही नाकारली. ज्यांनी मधमाशी कधी चाखलीच नव्हती, ते ती माशी आनंदाने मटकावायचे.

आपल्याकडची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. रुईच्या झाडाभोवती केशरी रंगाचं प्लेन टायगर फुलपाखरू दिसतं. त्याची अळी रुई खाऊन वाढते आणि पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याच रंगांची, नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या कॉमन रोजसारख्या नटतात. हे सगळं महाराष्ट्रात, पावसाळ्यात आणि त्यानंतर, शहरातल्या बागांतही बघायला मिळतं.

बेट्सच्या वह्या आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. त्या काळच्या ब्रिटिश म्युझियमचेच निसर्गविभाग वेगळे होऊन हे संग्रहालय उभं राहिलं. म्हणजे ज्या संस्थेने त्याला नोकरी नाकारली, तिच्याच कपाटात. पानापानांवर बारीक अक्षरातल्या नोंदी आणि जलरंगात रंगवलेली फुलपाखरं, लेस्टरच्या रात्रीच्या वर्गात चित्रकला शिकलेल्या हाताने काढलेली.